रणांगणानंतरचे रण

(हिंगोली येथे युवक आणि पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



हिंगोलीत सैनिकाविषयी बोलायचे तर विषयाची ओळख करून द्यावी लागत नाही. एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिंजंटची छावणी याच गावात होती. आज राज्य राखीव पोलीस दलाचा बारा क्रमांकाचा गट येथेच आहे. सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत यांपैकी कोणत्याही रस्त्याने पहाटे निघा, अंधारात धावणारी मुले भेटतात. सैन्यभरती असो वा पोलीसभरती, सोळाशे मीटर हा आकडा या मुलांच्या मनावर कोरलेला असतो. घरी कोरडवाहू शेती, हळदीच्या भावाचा भरवसा नाही, आणि हाताशी एकच भांडवल : स्वतःचे शरीर. त्या भांडवलावर ही मुले आयुष्य उभे करू पाहतात. त्यांच्या जिद्दीविषयी मला नितांत आदर आहे.

परंतु आज मला त्यांच्यापुढे एक कठीण प्रश्न ठेवायचा आहे. शरीराच्या बळावर ज्याने आयुष्य उभारायचे ठरवले, त्याचे शरीरच मध्ये साथ सोडून गेले, तर पुढे काय? ज्याला अंगावर गणवेश चढवता आला आणि एका क्षणात तो उतरवावा लागला, त्याने काय करावे? आणि ज्याला तो कधी मिळालाच नाही, भरतीच्या मैदानावर जो काही सेकंदांनी मागे राहिला आणि पाहता पाहता ज्याचे वय उलटून गेले, त्याने काय करावे? हा प्रश्न आज या सभागृहातील अनेक घरांचा आहे. त्याचे उत्तर उपदेशाने मिळणार नाही. ज्यांनी ते जगून दाखवले, अशा दोन सैनिकांची चरित्रे मी आपल्यापुढे ठेवणार आहे. एक आपल्या सांगली जिल्ह्यातले, मुरलीकांत पेटकर. दुसरे हरियाणातले, मेजर देवेंद्र पाल सिंग.

आखाड्यातून छावणीत

मुरलीकांत पेटकर हे पेठ इस्लामपूरचे. सांगली-कोल्हापूरच्या मातीत कुस्ती ही वेगळी शिकावी लागत नाही, ती अंगात भिनते. तशीच ती या मुलाच्या अंगात भिनली. कोवळ्या वयातच तो सैन्याच्या बॉईज बटालियनमध्ये दाखल झाला आणि पुढे इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स या दलात, ज्याला सारे 'ईएमई' म्हणतात, तेथे जवान म्हणून रुजू झाला. आखाड्यातला पहिलवान सैन्यात गेल्यावर मुष्टियोद्धा झाला. सिकंदराबादच्या छावणीत त्याने मुष्टियुद्धात नाव कमावले आणि १९६४ साली टोकियो येथे झालेल्या सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेत भारताचे प्रतिनिधित्व केले. विशीच्या उंबरठ्यावरचा खेड्यातला मुलगा देशाचा गणवेश घालून परदेशी मैदानावर उतरला होता. यापुढे आयुष्याची वाट सरळ आहे, असे त्याला वाटले असेल, तर त्यात नवल नाही.

पुढच्याच वर्षी, १९६५ साली, पाकिस्तानशी युद्ध पेटले. त्या युद्धात झालेल्या हल्ल्यात पेटकरांना अनेक गोळ्या लागल्या आणि जखमी अवस्थेतच त्यांच्या अंगावरून वाहन गेले. पाठीच्या कण्यात एक गोळी अडकून राहिली. दीर्घकाळ ते बेशुद्ध होते, स्मृतीही हरपली होती. शुद्धीवर आले तेव्हा कमरेखालच्या शरीराने हुकूम ऐकणे सोडून दिले होते. ज्या पायांनी मुष्टियुद्धाच्या रिंगणात नाचून प्रतिस्पर्ध्याला दमवले, ते पाय आता त्यांचे राहिले नव्हते.

मित्रांनो, आपण शौर्यकथा सांगताना येथे एक परिच्छेद गाळतो. गोळी लागली, आणि पुढच्याच वाक्यात पदक मिळाले, अशी आपली सांगण्याची पद्धत. मधली वर्षे आपल्याला दिसत नाहीत. पण ज्याच्या वाट्याला ती येतात, त्याचे खरे युद्ध तेथेच असते. रणांगणावरील युद्धात शेजारी सोबती असतात, वरून आदेश येतो, शत्रू समोर दिसतो. रुग्णालयातील खाटेवरच्या युद्धात यांपैकी काहीही नसते. तेथे रोज सकाळी उठून स्वतःलाच आदेश द्यावा लागतो आणि तो पाळणाराही आपणच असतो.

कण्याची दुखापत आणि पाण्याचा आधार

मज्जारज्जूला इजा होणे म्हणजे काय, हे थोडे समजून घेऊ. मेंदूकडून हातापायांकडे जाणारे सर्व निरोप या रज्जूतून जातात. तो जेथे तुटतो, त्याच्या खालच्या भागाला निरोप पोहोचत नाही आणि तेथल्या वेदनेचा निरोप वरही येत नाही. वेदना होत नाही, हे सुख नव्हे. एकाच कुशीवर पडून राहिल्याने कातडी सडते आणि रुग्णाला कळतही नाही. मूत्रमार्गाचे विकार जडतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे बहुतेक रुग्ण थोड्याच काळात दगावत. त्यांच्यासाठी काही करता येते, यावर वैद्यकशास्त्राचाच विश्वास नव्हता.

हा समज मोडून काढला तो लुडविग गुटमन या वैद्याने. नाझी राजवटीच्या छळामुळे जर्मनी सोडून इंग्लंडच्या आश्रयाला आलेला हा ज्यू मज्जातज्ज्ञ. १९४४ साली स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात कण्याला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग त्याच्याकडे सोपवण्यात आला. त्याने दोन गोष्टी केल्या. पहिली अगदी साधी : रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे, रात्रीसुद्धा. दुसरी त्या काळात विचित्र वाटणारी : त्याने या सैनिकांच्या हाती खेळ दिला. २९ जुलै १९४८ रोजी, ज्या दिवशी लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन होत होते त्याच दिवशी, त्याने रुग्णालयाच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चीत बसलेल्या सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. त्या सोळांतून पुढे १९६० सालचा रोमचा मेळावा झाला. तेवीस देशांतील सुमारे चारशे खेळाडू तेथे आले. आज जग ज्याला पॅरालिंपिक म्हणते, तो उत्सव असा जखमी सैनिकांच्या खाटांजवळ जन्माला आला. हे लक्षात ठेवले, म्हणजे पेटकरांची कथा ही एका माणसाच्या चमत्काराची कथा राहत नाही. योग्य वेळी योग्य हात मिळाला, तर मोडलेले शरीरही कामाला लागते, या जगभर सिद्ध झालेल्या अनुभवाचा तो आपला मराठी अध्याय आहे.

मुंबईच्या नौदल रुग्णालयात, आयएनएस अश्विनीत, उपचार चालू असताना पेटकरांना व्यायाम म्हणून पोहायला सांगण्यात आले. जमिनीवर निकामी पाय हे ओझे असते. पाण्यात त्या ओझ्याचा बराचसा भार पाणी उचलते. खांदे आणि दंड ज्याचे शाबूत आहेत, त्याला पाण्यात पुन्हा स्वतःच्या बळावर पुढे सरकता येते. पण यात एक अडचणही आहे. धडधाकट पोहणारा पायांच्या फटक्याने शरीर पाण्याच्या पातळीवर ठेवतो. ज्याचे पाय हलत नाहीत, त्याचे कमरेखालचे अंग खाली बुडते आणि नांगरासारखे मागे ओढते. तो सारा विरोध केवळ हातांनी कापावा लागतो. मुष्टियोद्ध्याचे खांदे, पहिलवानाचा दम आणि सैनिकाची शिस्त, ही पेटकरांची जुनी पुंजी येथे उपयोगी पडली. खेळ बदलला, त्या खेळाने अंगी बाणवलेले वळण बदलले नाही.

तेल अवीव, एडिंबरा, हायडेलबर्ग

१९६८ साली भारताने प्रथमच पॅरालिंपिकमध्ये भाग घेतला. इस्रायलमधील तेल अवीव येथे झालेल्या त्या स्पर्धेत पेटकर टेबल टेनिस खेळले. या वाटचालीत थोर क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी अपंगांसाठी चालवलेल्या कार्यातून त्यांना परदेशवारीसाठी मोठे साहाय्य मिळाले. मर्चंट यांची खेळी आपल्याला आठवते. हे काम क्वचितच कोणी आठवते. १९७० साली एडिंबरा येथे राष्ट्रकुलातील पक्षाघातग्रस्तांच्या स्पर्धेत पेटकरांनी पोहण्यात सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्य, अशी तीन पदके मिळवली.

आणि मग १९७२ चा ऑगस्ट. जर्मनीतील हायडेलबर्ग. पन्नास मीटर मुक्त शैली. वेळ सदतीस पूर्णांक तेहतीस शतांश सेकंद. सुवर्णपदक आणि विश्वविक्रम. पॅरालिंपिकमध्ये भारताला मिळालेले हे पहिले वैयक्तिक सुवर्ण. त्यापूर्वी ऑलिंपिकमध्ये आपल्या हॉकी संघाने सुवर्णाची परंपरा निर्माण केली होती, पण एकट्या खेळाडूच्या गळ्यात सुवर्ण पडण्यासाठी देशाला २००८ सालच्या बीजिंगपर्यंत, अभिनव बिंद्रापर्यंत, थांबावे लागले. त्याच्या छत्तीस वर्षे आधी पेठ इस्लामपूरचा एक जखमी जवान, कण्यात गोळी घेऊन, ते करून आला होता.

किती जणांना हे ठाऊक होते? माझ्या पिढीच्या पाठ्यपुस्तकांत मी हे नाव वाचले नाही. खाशाबा जाधवांचे १९५२ चे कांस्य आपण उशिरा का होईना, डोक्यावर घेतले. पेटकरांच्या वाट्याला त्याहून दीर्घ विस्मरण आले. राज्य शासनाने १९७५ साली शिवछत्रपती पुरस्काराने त्यांचा गौरव केला, पण राष्ट्रीय पातळीवर दार उघडले नाही. १९८२ साली त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे सुवर्णपदकानंतर शेहेचाळीस वर्षांनी. २०२४ साली त्यांच्या जीवनावर 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी चित्रपट आला आणि जानेवारी २०२५ मध्ये जीवनगौरव स्वरूपातील अर्जुन पुरस्कार राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना प्रदान झाला. तोपर्यंत पदकाला बावन्न वर्षे लोटली होती.

मधल्या काळात हा माणूस काय करत होता? तो नोकरी करत होता. पुण्यात, टेल्कोमध्ये. मदतीचा पैसा नको, काम द्या, असा आपला आग्रह होता, असे त्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. मला त्यांच्या चरित्रातील हा भाग सुवर्णपदकाइतकाच मोठा वाटतो. सदतीस सेकंदांची शर्यत जिंकायला असामान्य बळ लागते, हे खरे. पण टाळ्या थांबल्यावर वर्षानुवर्षे, रोज सकाळी वेळेवर कामावर हजर होण्यासाठी जे लागते, त्याला आपल्या भाषेत तितिक्षा म्हणतात. सहन करणे, पण कुरकुर न करता. वाट पाहणे, पण हातातले काम न सोडता. सहनशक्तीचा खरा खेळाडू ओळखायचा तो येथे.

मृत घोषित केलेला धावपटू

दुसरे चरित्र आपल्या पिढीच्या स्मरणातले आहे. १९९९ चे कारगिल युद्ध. डोग्रा रेजिमेंटचे एक तरुण अधिकारी, देवेंद्र पाल सिंग, जम्मूतील अखनूर विभागात सीमेवरच्या चौकीवर होते. १५ जुलै रोजी तोफगोळा अगदी जवळ येऊन फुटला. रणभूमीवरील रुग्णालयात त्यांना मृत घोषित करण्यात आले. एका अनुभवी वैद्यकीय अधिकाऱ्याला त्यांच्या देहात अजून धुगधुगी असल्याचे जाणवले आणि त्यांना परत आणण्यात आले. उजवा पाय मात्र सडू लागला होता. तो कापावा लागला. अनेक तुकडे शरीरात तसेच राहिले. वय होते पंचवीस.

त्यांनी काय केले? ते धावू लागले. येथेही मधला परिच्छेद गाळू नका. कृत्रिम पाय बसवला म्हणजे पाय परत मिळाला, असे होत नाही. उरलेला पाय एका साच्यात घट्ट बसवावा लागतो. शरीराचा सारा भार त्या कातडीवर येतो, आणि ती कातडी भार पेलण्यासाठी घडलेलीच नसते. घामाने साचा घसरतो, फोड येतात, रक्त येते, जखम भरेपर्यंत थांबावे लागते आणि मग पुन्हा पहिल्यापासून. चालण्याचीच जेथे ही कथा, तेथे धावण्याचे काय सांगावे! धडधाकट माणसापेक्षा कितीतरी अधिक शक्ती त्याच अंतरासाठी खर्ची पडते. अशा अवस्थेत, जखमी झाल्यावर दहा वर्षांनी, २००९ मध्ये मेजर सिंग दिल्लीच्या अर्धमॅरेथॉनमध्ये उतरले. अर्धमॅरेथॉन म्हणजे एकवीस किलोमीटरहून थोडे अधिक. साध्या कृत्रिम पायावर त्यांनी ती पूर्ण केली. पुढे धावण्यासाठी खास बनवलेले, कार्बनच्या तंतूंचे वक्र पाते त्यांना मिळाले आणि देश त्यांना 'ब्लेड रनर' म्हणून ओळखू लागला. त्यांनी वीसहून अधिक अर्धमॅरेथॉन पूर्ण केल्या. मार्च २०१९ मध्ये आपल्या नाशिकच्या आकाशातून त्यांनी हवाई छत्रीने एकट्याने उडी घेतली. सेवेत अपंगत्व आलेल्या भारतीय सैनिकाने अशी उडी घेण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. लष्कराने २०१८ हे वर्ष कर्तव्य बजावताना अपंगत्व आलेल्या सैनिकांना अर्पण केले होते, त्या उपक्रमातील ती उडी.

२०११ साली त्यांनी 'द चॅलेंजिंग वन्स' ही संस्था उभी केली. ज्यांनी हातपाय गमावले आहेत, अशांना एकत्र आणून खेळाकडे वळवणे, हा तिचा उद्देश. अपंग हा शब्द त्यांनी बाजूला सारला आणि आव्हान देणारा हा शब्द घेतला. शाळांतून, महाविद्यालयांतून, उद्योगांतून ते व्याख्याने देतात. प्रेरणादायी वक्ते म्हणून त्यांना देशभर बोलावले जाते.

प्रेरणा आणि साधना

'प्रेरणादायी व्याख्यान' हा आजचा परवलीचा शब्द आहे, आणि मीही आज तेच करतो आहे, म्हणून याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. व्याख्यानाने अंगावर रोमांच उभे राहतात. ते घरी पोहोचेपर्यंत टिकतात. फार तर दुसऱ्या दिवशी पहाटेचा गजर एकदा ऐकला जातो. तिसऱ्या दिवशी काय? पेटकर किंवा मेजर सिंग यांना उभे करणारी गोष्ट रोमांच नव्हती. त्यांच्या अंगी जखमेच्या आधीपासून एक सवय मुरलेली होती. ठरल्या वेळी उठायचे, ठरलेले करायचे, मनाला विचारत बसायचे नाही. जखमेने शरीर हिरावले. ही सवय हिरावली नाही. तिच्याच बळावर दोघांनी नवे मैदान शोधले.

आपल्याकडे हे तत्त्व नवे नाही. शेगावहून पंढरपूरला निघणारी श्री गजानन महाराजांची पालखी आपल्याच जिल्ह्यातून जाते. त्या वारकऱ्याला विचारा, पंढरपूर किती दूर? तो हसून उद्याचा मुक्काम सांगेल. त्याच्या मनात शेकडो कोसांचा हिशेब नसतो, आजची मजल असते. आपल्या नर्सीच्या संत नामदेवांनी थेट पंजाबातील घुमानपर्यंत नामाचा प्रकाश नेला, तोही एकेका मजलेनेच. दीर्घ अंतराच्या धावपटूचे आणि वारकऱ्याचे शास्त्र एकच आहे : दृष्टी दूर असावी, हिशेब जवळचा असावा.

म्हणून भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना माझे तीन गोष्टींचे सांगणे आहे.

पहिली : तुमची पहाट वाया जात नाही. भरती झाली नाही, तरी दोन वर्षे पहाटे चारला उठून धावलेला मुलगा आणि न धावलेला मुलगा हे एक नसतात. तुम्ही जी शिस्त कमावली, ती शेतात, दुकानात, अभ्यासात, कुठेही नेता येते. भरतीची यादी तुमची उंची मोजते, छाती मोजते, सेकंद मोजते. या शिस्तीचे माप तिच्याजवळ नाही.

दुसरी : मैदान बदलणे म्हणजे पळून जाणे नव्हे. मुष्टियोद्धा जलतरणपटू झाला, कारण मुष्टियुद्धाचे दार कायमचे बंद झाले होते. बंद दारावर डोके आपटत राहण्यात पुरुषार्थ नाही. वय उलटून गेल्यावरही केवळ लाजेपोटी घरच्यांना सांगायचे नाही आणि भरतीच्या नावाने शहरात खोली घेऊन राहायचे, हे मी अनेक गावांत पाहिले आहे. त्या मुलांना सांगावेसे वाटते, घरी या. आईवडिलांना खरे सांगा. त्यांना वर्दी घातलेला मुलगा हवा होता, हे खरे. पण त्याहून आधी त्यांना मुलगा हवा आहे.

तिसरी : हात मागण्यात कमीपणा नाही. पेटकरांना रुग्णालयातील चिकित्सकांनी पाण्यात उतरवले, मर्चंट यांनी विमानाच्या तिकिटाची सोय पाहिली. मेजर सिंग यांच्यात प्राण आहे, हे दुसऱ्याच कोणाला तरी जाणवले. एकट्याच्या जिद्दीची गोष्ट म्हणून आपण जिला गौरवतो, तिच्यात असे अनेक हात असतात. मन खचले असेल तर ते बोलून दाखवा. सैनिकसुद्धा जखमी झाल्यावर 'मला उचला' म्हणतो. त्याने त्याचे शौर्य कमी होत नाही.

समाजाचा वाटा

आता वडीलधाऱ्यांसाठी. युवकांना जिद्दीचे धडे देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. ज्याने सीमेवर देह झिजवला, त्याने परत आल्यावर पुन्हा स्वतःच्याच जिद्दीवर उभे राहावे आणि आपण फक्त टाळ्या वाजवाव्यात, हा व्यवहार न्यायाचा नाही.

आपल्या महाराष्ट्रात या कामाची परंपरा मोठी आहे. अपंग सैनिकांना हातचे कौशल्य शिकवणारी, खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ साली सुरू झाली. पुण्याचे लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे. कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी खडकीचे पक्षाघात पुनर्वसन केंद्र १९७४ पासून चालू आहे. याच परंपरेत लष्कराने खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या केंद्रात दिव्यांग सैनिकांना खेळाचे प्रशिक्षण देण्याची सोय केली. त्याचे फळ पाहा. नागालँडचे होकातो सेमा यांनी २००२ साली काश्मीरमध्ये सुरुंगाच्या स्फोटात डावा पाय गमावला. तिशी उलटल्यावर पुण्यात त्यांच्या हाती गोळाफेकीचा गोळा आला आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक पटकावले. त्याच स्पर्धेत सांगली जिल्ह्याचे सचिन खिलारी यांनी गोळाफेकीत रौप्य मिळवले. ते सैनिक नव्हेत. पण पेटकरांच्याच जिल्ह्याचे. भारताने पॅरिसमध्ये एकूण एकोणतीस पदके मिळवली, त्यांत सात सुवर्ण. जेथे सोय उभी राहिली तेथे माणूस उभा राहिला, हा याचा सरळ अर्थ.

मग आपण हिंगोलीत काय करू शकतो? फार मोठ्या गोष्टी मी सांगत नाही. गावी परतलेल्या माजी सैनिकाला आपण पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला खुर्ची देतो, नारळ देतो, शाल देतो. उरलेल्या तीनशे त्रेसष्ट दिवसांचे काय? साधा जवान पस्तिशी-चाळिशीच्या सुमारास निवृत्त होतो; तेव्हा त्याची मुले शाळेत असतात. २०२२ पासूनच्या अग्निपथ योजनेत तर चार वर्षांची सेवा करून पंचविशीच्या आतबाहेरचे तरुण मोठ्या संख्येने गावोगाव परतणार आहेत. शिस्त शिकलेले, देश पाहिलेले हे तरुण गावाची संपत्ती ठरतील की चौकात बसून निराश होतील, हे दिल्लीइतकेच आपल्या गावावरही अवलंबून आहे. शाळेच्या मैदानावर मुलांना कवायत शिकवायला, व्यायामशाळा चालवायला, भरतीच्या मुलांना मार्गदर्शन करायला त्यांना बोलवा. आणि त्या कामाचे मोल द्या. फुकट राबवून घेणे हा सत्कार नव्हे.

ज्यांचा कारखाना आहे, बाजारात पेढी आहे, शिक्षणसंस्था आहे, त्यांनी पेटकरांचे वाक्य मनात ठेवावे : मदत नको, काम द्या. एका अपंग माणसाला दिलेली नोकरी दहा सत्कारांना भारी असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासकीय नोकऱ्यांत चार टक्के जागा राखून ठेवल्या आहेत आणि सार्वजनिक इमारती सर्वांना वावरता येतील अशा असाव्यात, असे बंधन घातले आहे. आपल्या गावातील शाळा, दवाखाना, ग्रामपंचायत, मंदिर आणि हे सभागृहसुद्धा, यांपैकी कुठे चाकाच्या खुर्चीतून आत जाता येते, हे जरा डोळे उघडून पाहा. तीन पायऱ्या असतात, पण ज्याचे पाय नाहीत त्याला त्या किल्ल्याच्या तटासारख्या असतात. एक उतार बांधायला सिमेंटची काही पोती लागतात. देवदर्शनाला आलेला माणूस पायऱ्यांपाशी अडून राहू नये, एवढे तर आपण करू शकतो.

दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. १९४९ पासून तो पाळला जातो. त्या निधीतून युद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या पुनर्वसनाला हातभार लागतो. शाळेत मुलाच्या खिशाला लावलेला तो छोटा कागदी ध्वज आपण संध्याकाळी कचऱ्यात टाकतो. यंदा मुलाला त्याचा अर्थ सांगा, आणि निधी स्वतः जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नेऊन द्या. जाताना मुलाला बरोबर न्या. तेथील बाकावर कामासाठी आलेला एखादा वृद्ध सैनिक किंवा एखाद्या जवानाची आई बसलेली असेल. मुलाला त्यांना नमस्कार करायला सांगा. पाठ्यपुस्तकात जो धडा राहून गेला, तो तेथे पुरा होईल.

शेवटी एकच सांगतो. पेटकरांना आपण शेहेचाळीस वर्षे वाट पाहायला लावली. त्यांनी ती वाट ताठ मानेने पाहिली, हा त्यांचा मोठेपणा. आपण ती पाहायला लावली, हे आपल्यावरचे ऋण. ते ऋण आता त्यांना फेडता येणार नाही. पण आपल्या तालुक्यात, कदाचित आपल्याच गल्लीत, कोणी तरी सैनिक, कोणी अपघातात पाय गमावलेला तरुण, कोणी भरतीतून परतलेला मुलगा आज खाटेवर पडून छताकडे पाहत असेल. त्याला पुरस्कार देणे आपल्या हाती नाही. त्याला पाण्यात उतरवणारा हात आपण होऊ शकतो. या आठवड्यात अशा एका घराची पायरी प्रत्येकाने चढावी, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.

भारत माता की जय.